रिपोर्टातलं काळीज

आमच्या गावात बोकड पडला की त्याचं काळीज वाट्यांत जात नसे. पारावर केळीच्या पानांवर मटणाचे वाटे लागायचे, हाडं-मांस सगळ्यांना सारखं. काळीज मात्र आज्जी आदल्या दिवशीच खाटकाला सांगून ठेवायची. ते पोरांचं, आणि घरात बाळंतीण असली तर तिचं. धुवायचं काम माझ्याकडे. परातीत टाकलं की आपल्याच वजनानं पसरायचं. जांभळट तांबडं, ओल्या साबणासारखं हातातून निसटणारं. एका कडेला पित्ताची हिरवी पिशवी. ती फुटली तर सगळं कडूजहर, म्हणून ती आज्जी स्वतः काढायची, अगदी श्वास धरून. मग मीठ चोळून निखाऱ्यावर.

भाजण्याआधी एकदा दारातल्या उजेडात धरून बघायची. "जून व्हता," म्हणायची, "काळपटलंय बघ." जनावराचं वय ओळखायला तिला दात बघावे लागत नसत.

पुढे बी.एस्सी.ला लायपोफ्युसिन नावाचं रंगद्रव्य शिकले. पेशीला पचवता न आलेला गाळ पिवळसर-तपकिरी कणांच्या रूपात तिच्या आतच साठत जातो, वय वाढेल तसा वाढतो. यकृतात आणि हृदयात तो चांगला दिसतो. वर्गात बाकीच्यांनी व्याख्या लिहून घेतली. मला मात्र माण तालुक्यातल्या आमच्या गावचं ते दार आठवलं आणि उगाच हसू आलं.

मराठीनं या अवयवाचा मोठा घोटाळा करून ठेवलाय. काळीज म्हणजे खरं तर यकृत. पण आपण ते छातीत डाव्या बाजूला नेऊन बसवलं. काळजाचा ठोका चुकतो म्हणतो. काळजाला ठोका नसतोच. खाटकाच्या दुकानात मात्र ही गफलत होत नाही. तिथं कलेजी म्हणजे कलेजीच.

हे सगळं आठवायचं कारण एक सोनोग्राफी. पोटात उजवीकडे अधूनमधून दुखायचं, खडे असतील म्हणून डॉक्टरांनी पाठवलं. खडे निघाले नाहीत. काळोख्या खोलीत गार जेल लावून, "श्वास घ्या, धरा, सोडा" करताना त्या तरुण डॉक्टरीणबाई मध्येच थांबल्या. मी जीवशास्त्र शिकवते म्हटल्यावर त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "हे मूत्रपिंड, मॅडम. आणि हे लिव्हर. दोन्ही साधारण सारखी राखाडी दिसायला हवीत. तुमचं लिव्हर उजळ दिसतंय." चरबीचे थेंब ध्वनिलहरी जास्त परतवतात, त्यामुळे चरबी साठलेलं यकृत पडद्यावर उजळतं. आज्जीच्या उजेडात ते काळपटायचं, या काळोखात ते उजळलं होतं. रिपोर्टात आलं: ग्रेड १ फॅटी लिव्हर.

ज्यांनी पाठवलं होतं त्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, मान वर न करता म्हणाले, "वजन कमी करा." मग मान वर केली. माझं वजन ५४ किलो, उंची पाच फूट एक इंच, दारू औषधालासुद्धा नाही. ते जरा थांबले आणि म्हणाले, "बरं, मग चालत जा."

त्रेपन्नाव्या वर्षी माणसाला असं काही निघालं की नातेवाईक दोनच निकाल देतात. एक, "वयच आहे आता." दोन, "आपल्या घराण्यातच आहे ते." अण्णांना मधुमेह होता, तेही काटकुळे. म्हणजे वय आणि जनुकं, दोन्ही हाताबाहेरची, खटला निकाली. गेली सत्तावीस वर्षं मुलांना मी जे शिकवतेय, ते मात्र या निकालात बसत नव्हतं.

वर्गात मी पट आणि हजेरीचं उदाहरण देते. प्रथिनं बनवायच्या सूचना असलेली जनुकं माणसाच्या पेशीत सुमारे २०,०००. डोळ्याच्या पेशीत तीच, यकृताच्या पेशीतही तीच. पट एकच आहे. पण रोज हजर कोण, कोण पेंगतोय, कोण आरडाओरडा करतोय, हे दर ठिकाणी वेगळं. जनुक 'चालू' आहे म्हणजे त्याच्या आरएनए प्रती निघताहेत आणि त्यावरून प्रथिनं बनताहेत. वारसा मिळतो तो पटाचा. हजेरी रोजच्या रोज लागते. आणि अख्ख्या शरीरात ताट बघून हजेरी घेणारा अवयव कुठला असेल, तर तो यकृत.

त्याची जागाच तशी आहे. आतड्यात जे शोषलं जातं त्यातलं बहुतेक, साखर काय, प्रथिनांचे तुकडे काय, गोळ्या-औषधं काय, प्रवेशिका शिरेतून आधी यकृतात येतं आणि मग बाकीच्या शरीराला मिळतं. (चरबीचा बराचसा भाग तेवढा लसीकावाहिन्यांतून आडवाटेनं जातो.) थोडक्यात, जकात नाका. जेवणानंतर इन्शुलिन वाढलं की यकृतात एसआरईबीपी-१सी नावाचं एक नियंत्रक प्रथिन जागं होतं आणि चरबी बनवणाऱ्या जनुकांची रांगच्या रांग चालू करतं. पोट रिकामं राहिलं, इन्शुलिन उतरलं, की ती रांग मंदावते. मग पीपार-अल्फा नावाचं दुसरं नियंत्रक प्रथिन पुढे येतं आणि चरबी जाळणाऱ्या जनुकांची हजेरी लावतं. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर साधारण शंभर ग्रॅम, एका रात्रीची शिदोरी. ती संपत आल्याशिवाय जाळण्याचं काम नेटानं सुरू होत नाही.

आता यात एकादशी घाला. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस आणि रताळ्याचे गोड काप, रात्री वरईचे तांदूळ आणि आमटी. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यानं एसआरईबीपी बघितलं नव्हतं, पण त्याचं निदान चुकलेलं नाही. पिष्टमय पदार्थ कुठल्या भावनेनं खाल्ला, याची नोंद यकृत ठेवत नाही. माझ्या सासूबाईंना हे मी एकदाच सांगितलं. पुन्हा नाही.

कमी खाल्लं तर आयुष्य वाढतं, ही गोष्ट प्रयोगशाळेत नवी नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना जीवनसत्त्वं-क्षार पुरेसे देऊन उष्मांक मात्र आखडते ठेवले, आणि ते उंदीर पोटभर खाणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. पण का, ते कळायला पेशीच्या आतली हजेरी एकदम बघता यायला हवी होती. ती सोय झाली विसाव्या शतकाच्या शेवटी, मायक्रोॲरे नावाच्या चकतीनं. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या विद्यापीठात स्टीफन स्पिंडलर यांच्या गटानं उंदरांच्या यकृतातल्या ११,००० जनुकांची हजेरी एका दमात घेतली आणि २००१ मध्ये ती प्रसिद्ध केली.

म्हाताऱ्या उंदरांचं यकृत कसं होतं? सूज आणणारी, पेशीवरच्या ताणाला उत्तर देणारी, ऊतक निबर करणारी जनुकं वाढलेली. आणि विषारी द्रव्यं निवारणारी, बिघडलेल्या पेशींना वेळेत निरोप देणारी मंदावलेली. शाळेच्या भाषेत, गोंधळ घालणारे सगळे हजर आणि फळा पुसणारे गैरहजर. जन्मभर बेताचं खाल्लेल्या उंदरांत हे बदल बरेच कमी होते, यात काही नवल नाही. नवल पुढे आहे. आयुष्यभर नेहमीसारखं खाल्लेल्या म्हाताऱ्या उंदरांना फक्त चार आठवडे बेताचं दिलं, आणि यातले बहुतेक बदल उलटले.

चार आठवडे! हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चाळिशीत होते आणि मनात म्हटलं होतं, वा, म्हणजे अजून वेळ आहे. तसं म्हणून पुढची बारा वर्षं रात्री साडेदहाला जेवत राहिले.

त्याच गटाचा २००४ सालचा दुसरा निबंध लोक सहसा सांगत नाहीत. त्यात उलटा प्रयोग आहे. दीर्घकाळ बेताचं खाणाऱ्या उंदरांना पुन्हा नेहमीच्या आहारावर आणलं, आणि आठ आठवड्यांत जनुकांवरचे ९० टक्के परिणाम पुसले गेले. वर्षानुवर्षांची पुण्याई दोन महिन्यांत साफ. पहिल्या निबंधानं दिलासा मिळतो. मला दुसरा जास्त खरा वाटतो. यकृताला पुण्यसंचय कळत नाही. त्याला गेल्या काही आठवड्यांतलं ताट कळतं.

विषारी द्रव्यं निवारणाऱ्या जनुकांचं मंदावणं उंदरांपुरतं सोडून देऊ, पण माणसाचं यकृतही वयानुसार आकारानं आक्रसतं, त्यातून वाहणारं रक्त घटतं आणि कित्येक औषधं शरीरातून सावकाश बाहेर पडतात. आईला झोपेची गोळी सुरू केली तेव्हा डॉक्टरांनी ती अर्धी मोडून द्यायला सांगितली. आईला वाटलं, गोळी महाग असणार.

माझी आई पंचाहत्तरीची. गावातच राहते, पुण्यात दोन दिवसांवर तिसरा काढत नाही. दिवेलागणीला जेवते. म्हणजे अगदी दिवा लावते, हात जोडते आणि पाटावर बसते. सात वाजता चुलीवर, म्हणजे आता गॅसवर, फक्त दुधाचं पातेलं. यामागे तिचं काही शास्त्र नाही. गावात वीज नव्हती तेव्हापासूनची ती सवय आहे. मी मात्र कॉलेज, मग क्लास, मग पेपर तपासणं, मग बातम्या बघत जेवण. भाकरी दीडच, पण साडेदहाला. नंतर पेपर संपेपर्यंत शेंगदाणे-गूळ.

यकृताला स्वतःचं घड्याळ आहे. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं, यकृतातलं बरंचसं जेवणाच्या वेळेवर. जिनिव्हात उली शिब्लर यांच्या प्रयोगशाळेनं २००० साली दाखवलं की उंदरांना त्यांच्या झोपेच्या वेळीच खायला दिलं, तर यकृतातलं घड्याळ फिरून उलटं होतं आणि मेंदूतलं जागच्या जागी राहतं. (उंदीर निशाचर, तेव्हा त्यांचा दिवस म्हणजे आपली रात्र.) एकाच शरीरात दोन वेळा चालू! मेंदू म्हणतो रात्र झाली, यकृत म्हणतं ताट आलंय, कामाला लागा.

मग ओडिशातून अमेरिकेत गेलेले सच्चिदानंद पांडा. सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या त्यांच्या गटानं २००९ मध्ये दाखवलं की यकृतातली कितीतरी जनुकं रोज चढतात-उतरतात ती खाण्या-उपाशी राहण्याच्या तालावर. उंदीर उपाशी ठेवले तर त्यातल्या बहुतेकांचा ताल हरवतो. २०१२ मध्ये त्यांनी दोन गटांना तेच चरबीयुक्त खाणं दिलं. एका गटाला चोवीस तास मोकळीक, दुसऱ्याला फक्त आठ तासांची मुभा. दोघांनी उष्मांक सारखेच खाल्ले. पहिल्या गटाचं यकृत चरबीनं भरलं. दुसऱ्याचं बऱ्यापैकी वाचलं.

हा निबंध मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवला होता, तोंडात सामोसा असताना.

माणसाचं यकृत म्हणजे उंदराचं यकृत नव्हे, हे मला मुलांना दर वर्षी बजावावं लागतं आणि इथंही बजावते. उंदीर पिंजऱ्यात राहतो, त्याला लग्नसराई नसते. पण या सगळ्यात माझ्या ५४ किलोंचं उत्तर मिळत नव्हतं. आईची बहीण माझ्याच वेळेला जेवते, चांगली जाडजूड आहे, तिचं लिव्हर म्हणे छान.

त्या दिवाळीत आईला रिपोर्ट सांगितला. तिला फॅटी म्हणजे काय ते समजावलं, काळजात चरबी साठलीय. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या येळंला पोटात काय व्हतं माझ्या? मिलो."

मी १९७३ च्या मार्चमधली. आई दिवसात होती ती बहात्तरच्या दुष्काळात. माण तालुका तसा कायमच कोरडा, पण त्या वर्षी विहिरीच्या तळाला भेगा दिसत होत्या म्हणतात. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सातव्या महिन्यापर्यंत गेली. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची. "भाकर थापताना फुटायची," आई सांगते, "अन् गिळताना घशाला लागायची. जनावरंबी तोंड फिरवायची." कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. ती आई पदरात बांधून थोरल्या दादासाठी घरी आणायची. म्हणजे तिच्या पोटात, म्हणजे माझ्या पोटात, तीही पुरती जायची नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आहे. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. पण आपली बाळं नुसती लहान नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव बारीक राहिले होते. चरबी मात्र त्या मानानं राखलेली होती. सडपातळ दिसणारं, आतून मेदाळ बाळ. याज्ञिकांचा एक फोटो प्रसिद्ध आहे, २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. शेजारी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, २२.३. शरीरातली चरबी: युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. मी माझा बीएमआय काढून बघितला. २२.५.

उपासमारीची खूण जनुकांवर उरते का, याचा पुरावा हॉलंडमध्ये आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी केलेल्या कोंडीमुळे तिथे भीषण अन्नटंचाई झाली. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या रक्तातल्या पेशी सुमारे साठ वर्षांनी तपासल्या. वाढीशी संबंध असलेल्या आयजीएफ-२ या जनुकावरचे मिथाइल गट, जनुक चालू-बंद ठेवायला मदत करणारे बारीक रासायनिक टाचे, त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी निघाले. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पटावर अक्षर तेच, पण नावापुढे कुणीतरी पेन्सिलीनं केलेली खूण, साठ वर्षं न पुसलेली.

माझ्या एकटीच्या यकृतात मिलो कितपत आणि रात्रीचे शेंगदाणे कितपत, हे कुठल्याही सोनोग्राफीत दिसणार नाही. लाखभर माणसांबद्दल जे सांगता येतं ते एका बाईबद्दल सांगता येत नाही, हेही मीच शिकवते. पण आईनं 'मिलो' म्हटल्यावर मी अभ्यासक्रमातलं उत्तर दिलं नाही. म्हटलं, "तुझ्यामुळं नाही गं काही." ती म्हणाली, "माझ्यामुळं न्हाई. पावसामुळं."

आणखी एक गोष्ट तिला सांगितली नाही. यकृताचं वय मिथाइल टाच्यांवरून मोजता येतं. लॉस एंजेलिसचे स्टीव्ह होर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये डीएनएवरच्या ३५३ जागा वापरून असं घड्याळ बनवलं. पुढच्या वर्षी त्यांच्या गटानं माणसांची यकृतं तपासली. बीएमआय दहानं वाढला की यकृत सरासरी ३.३ वर्षांनी जास्त म्हातारं. ठीक, अपेक्षितच. पण शस्त्रक्रिया करून ज्यांचं वजन झपाट्यानं उतरलं होतं, त्यांच्या यकृताचं हे वय निदान त्या अवधीत तरी मागे आलं नाही. रिव्हरसाइडचे उंदीर चार आठवड्यांत पालटले. हे टाचे पालटले नाहीत. हजेरी लवकर बदलते, पेन्सिलीच्या खुणा हट्टी असतात. दोन्ही खरं, एकाच अवयवात, एकाच वेळी.

मी बदल केले ते किरकोळ. पेपर सकाळी पाचला उठून तपासते. सात-साडेसातला जेवते. शेंगदाणे-गूळ दुपारी, ते सोडणं मला जमणार नाही. चालते, कारण डॉक्टरांनी मान वर करून दिलेला तेवढाच सल्ला होता. सहा महिन्यांनी सोनोग्राफी परत. तोवर काय होतंय ते माझ्या वाटण्या-न वाटण्यावर नाही.

गेल्या शनिवारी दहिवडीची एसटी घाटात बंद पडली. गावात पोचायला साडेआठ झाले. दार ढकललं तर आई अंथरुणावर, रेडिओ बारीक लावलेला. चुलीपाशी वाटीवर वाटी झाकून ठेवलेली. दादानं सकाळी बोकडाचं काळीज आणलं होतं म्हणे, माझ्यासाठी. निखाऱ्यावर भाजून, मीठ लावून. वास घरभर होता. मी हातपाय धुवून वाटीकडे वळले.

"झाकून ठेव," आई अंथरुणातून म्हणाली. "सकाळी खा."